सहा जणांचं मंडळ आणि ईश्वरीचे अणू

शनि., ६ डिसेंबर
आज कविता बाजूलाच राहिली. मंडळ आमचं जेमतेम सहा जणांचं. दर शनि. पाचला रांझीत, आमच्या व्हरांड्यात. शाळेत पाठ केलेल्या कविता म्हणायच्या, चहा प्यायचा, घरी जायचं. आणि भांडण कशावरून, तर चालीवरून! कुसुमताई गाऊ लागल्या की देशकर डोळे मिटतात, भक्तीनं नव्हे. आज म्हणालेच, "ताई, ही आरती नाही. नुसती वाचा."
ताई : "तुमच्यासारखी? किराण्याची यादी वाचून राहिल्यावानी?"
घाटे हसले. ते देशकरांचे दोस्त. बोबडे नवरा-बायको ताईंचे शेजारी, ते उठूनच गेले. वैताग. या हिंदी बोलणाऱ्या गावात मोठ्यानं मराठी कविता म्हणायला मला दुसरी जागा कुठे आहे?

रवि., ७
पनागरचा मटार आला. सोलता सोलता नातीला, ईश्वरीला, सगळं सांगितलं. ती भौतिकशास्त्रात संशोधन करते. मूठभर अणूंचा पुंजका तापवला तर त्याचे तुकडे कसे पडतात, हा तिचा विषय. खूशच झाली. "आजोबा, ये तो मेरा ही सिस्टम है!"
म्हणे, पातेलंभर पाणी ठरल्या तापमानाला उकळतं. पण अणू मोजकेच असले की तशी ठाम रेघ नसते. तेवढ्याच उष्णतेत पुंजका कधी अखंड, कधी फुटलेला. कधी एकेक अणू उडून जातो, कधी एकदम चिंधड्या.
"मग आमचं काय होईल?"
"वो नहीं बता सकते. फक्त शक्यता."
एवढं शिकून शक्यता! आमच्या वर्गात गणिताला एकच उत्तर असे, आणि ते फळ्यावर असे. खिडकीतून कडुनिंब दिसायचा, गुरुजींचा आवाज... असो.

शनि., १३
फुटलं. ताई आणि बोबडे दोघं एकीकडे, देशकर-घाटे एकीकडे. यापुढे वेगवेगळं बसणार म्हणे. उरलो मी. भागाकारातल्या बाकीसारखा.

सोम., १५
अजबच. फुटल्यापासून सगळे गोड! देशकरांचा फोन : "आवाज छान आहे हो बाईंचा." ताईंनी तिळाची चटणी पाठवली, वर निरोप, थोडी देशकरांनाही द्या. अरे, मग आधी काय धाड भरली होती?
ईश्वरीला नवल नाही. बाहेरच्या जगापासून वेगळ्या ठेवलेल्या लहान पुंजक्यात ऊर्जा ओतत गेलं, तर फुटताना तो उलट गार होऊ शकतो. ऊर्जा बंध तोडण्यातच जाते. "गुस्सा टूटने में खर्च हो गया, आजोबा."
पोरीनं मराठीत सांगितलं असतं तर कविता म्हणून उतरवून घेतलं असतं.

गुरु., १८
दोन्हीकडून बोलावणं. वार तोच, वेळ तीच. ताई : "विचारून नाही राहिली, सांगून राहिली." देशकर : "तुमची खुर्ची मांडून ठेवतो."
दोघांनाही सांगितलं, पाय दुखतो, तुम्हीच या. दुसरं कोण येतंय ते बोललो नाही. पाय ठणठणीत आहे.
ईश्वरीनं कपाळाला हात लावला. "और फिर टूट गया तो?"
"तूच सांग की."
"मैं तो हजारों बार चलाती हूँ, तब बताती हूँ कितनी बार टूटा."
हजारो वेळा! बाई गं, आम्हा म्हाताऱ्यांकडे हा एकच शनिवार आहे.

शनि., २०
सतरंजी घातली. ताई एकट्याच आल्या, बोबड्यांना सर्दी. पाच वाजून गेले. फाटकाशी देशकरांची स्कूटर बंद झाली. व्हरांड्याच्या पायरीवर ताईंच्या चपला, त्या त्यांना दिसल्याच असणार. आत येईनात. स्कूटरही सुरू करीनात. घाटे मागच्या सीटवर तसेच.
ताईंनी मान वळवून पाहिलं, पुन्हा सरळ बसल्या. "काहून थांबलात? म्हणा नं."
उभा राहिलो. पहिली ओळ ओठावर. चालीवर म्हणू की नुसती वाचू? ताई बघून राहिल्या, आणि फाटकाशी देशकर, किल्ली हातात धरून, ऐकायला थांबलेले.