कण्हेर बाहेर ठेवायचा दिवस

४ ऑक्टोबर
फ्राउके सकाळच्या गाडीने गेली. विबकेकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे, बेटावर. खोकल्यासाठी समुद्राची हवा हवी असं डॉक्टर म्हणाला. हा डॉक्टर स्वतः थंडीत खिडकी उघडी टाकून बसतो, त्याच्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते मला ठाऊक आहे. पण हिवाळ्यापुरतंच आहे.
जाताना दारात म्हणाली, माझी कुंडीतली कण्हेर सांभाळ. गोठायच्या आत घरात घे. थंडी संपली की बाहेर ठेव, आणि ठेवशील त्या दिवशी फोन कर, मी पुढच्या गाडीने येते. म्हणजे सरळ व्यवहार आहे. कण्हेर बाहेर, बायको घरी.
जिना उतरता उतरता आणखी म्हणाली, जरा वारा लागू दे रे, कोंडून मारू नकोस. कण्हेरीबद्दल म्हणाली.

६ ऑक्टोबर
कण्हेर आजच आत घेतली. उगाच वाट कशाला बघायची.
कुंपणापलीकडून श्लेंकर बाई हसल्या. म्हणाल्या, अहो शेजारी, एवढ्यात? माझ्या कण्हेरी अजून महिनाभर बाहेर राहतील, थोडं दव गोठलं तरी त्यांना काही होत नाही. मी विमा कंपनीत छत्तीस वर्षं नुकसानीचे दावे तपासले. 'काही होत नाही' म्हणणाऱ्या लोकांच्या तळघरांचे फोटो मी पाहिलेत.
कुंडी ट्रॉलीवर घातली, ती दारात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. पाऊण तास मी दाराबाहेर आणि कण्हेर दारात. मानेवर सारखा वारा. मान धरली.
मी घाबरट नाही. खबरदारी वेगळी आणि घाबरणं वेगळं. हे लिहून ठेवलेलं बरं.

१२ ऑक्टोबर
फ्राउके कण्हेर नेहमी जिन्यात ठेवायची, खिडकीखाली. जिना गार असतो. शिवाय ती खिडकी ती दिवसातून तीनदा उघडायची. त्या खिडकीवरून आम्ही लग्न झाल्यापासून भांडतोय. ती समुद्रकाठची, वाऱ्यात वाढलेली. तिला उघडी खिडकी म्हणजे आरोग्य वाटतं. आमच्या घराण्यात फटीतल्या वाऱ्याने माणसं गेलीत. निदान दोन.
कण्हेर बैठकीच्या खोलीत आणली, हीटरजवळ. घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या फटींना, जिन्यातल्यासुद्धा, चिकटपट्टी लावली. आता मुंगीसुद्धा शिंकणार नाही.
संकल्प: रोज पानं मोजणे. रोज पाणी. फ्राउकेला रविवारी फोन.

९ नोव्हेंबर
फार वाईट दिवस. पुस्तकात वाचलं की कण्हेर विषारी असते. पान, फूल, फांदी, सगळीच. आणि मी महिनाभर तिच्याखाली बसून जेवतोय! काल सूपमध्ये एक पान पडलं होतं, ते मी चमच्याने काढलं आणि सूप प्यायलो. नाडी बघितली. जोरात होती. नाडी बघून घाबरलो म्हणून जोरात, की जोरात आहे म्हणून... घाबरलो नाही. डॉक्टरकडे गेलो.
डॉक्टरने विचारलं, घरातली खिडकी शेवटची कधी उघडली होती? म्हणजे फ्राउकेने ह्याला आधीच पढवून ठेवलाय.
सूपचं पातेलं फेकून दिलं. आता पाणी घालताना रबरी हातमोजे आणि तोंडाला रुमाल.

१६ नोव्हेंबर, रविवार
फोन. कण्हेर कशी आहे विचारलं. छान आहे म्हणालो, जरा सुटसुटीत झाली आहे. (पानं निम्मी गळली.) तिला वारा मिळतो का? म्हटलं, तिला हवं ते सगळं मिळतं.
फोनमध्ये समुद्रपक्षी ओरडत होते. फ्राउके उघड्या खिडकीत बसली होती. नोव्हेंबरात! म्हटलं, आधी ती खिडकी लाव. ती हसली. खूप वेळ हसली आणि एकदाही खोकली नाही. लाइन खराब असावी.

२१ डिसेंबर
पानं चिकट झालीत. भिंगातून पाहिलं. खवले कीड. फांदीभर तपकिरी ठिपके, आणि ते ठिपके जिवंत आहेत. मला दरदरून घाम फुटला. हीटरमुळे.
श्लेंकर बाई नाताळची बिस्किटं घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. म्हणाल्या, अगं बाई, काय हा कोंदट वास! इथे माणूससुद्धा वाळून जाईल, झाडाचं काय घेऊन बसलात. गार जिन्यात ठेवा, खिडकी उघडा, ती कीड साबणाच्या पाण्याने पुसा. मी आभार मानले. बिस्किटं चांगली होती.
साबणाचं पाणी केलं. जिन्यातही नेली. खिडकी उघडणार नाही, तेवढा मी खुळा नाही.

१८ जानेवारी
बाहेर सगळं गोठलंय. दर तासाला जिन्यात जाऊन कण्हेरीला हात लावून बघतो. अंगावर दोन स्वेटर. तिच्या अंगावर माझी रजई.
ही कण्हेर म्हणजे फ्राउकेने लग्नानंतरच्या सहलीत इटलीतल्या गार्डा सरोवराकाठच्या हॉटेलच्या अंगणातून मोडलेली एक फांदी. पाण्याच्या बाटलीत घालून गाडीतून आणली. सीमेवर शिपाई वाकून आत बघायला लागला आणि फ्राउकेने त्याला बाटली दाखवून विचारलं, मूळ फुटेल का हो? तो म्हणाला, फुटेल की! मी त्या वेळी घाबरलो नव्हतो, पोट बिघडलं होतं.
तिला काही झालं तर फ्राउके
हे वाक्य पुरं करायची गरज नाही.

२९ मार्च
ऊन. सगळ्या गल्लीने कण्हेरी बाहेर काढल्या. श्लेंकर बाईंनी तर कधीच. मला खूण करून बोलावत होत्या. मी पडद्याआड उभा होतो, त्यांना दिसलो नसणार.
माझं ठरलेलं आहे. मे महिन्याच्या मध्यावरचे बर्फाळ संतांचे दिवस होऊन जाईपर्यंत नाजूक झाड बाहेर काढायचं नाही. पांक्राझ, सर्वाझ, बोनिफाझ, आणि शेवटी थंड सोफी. हे तिघे बाप्ये आणि ती बाई दरवर्षी जाता जाता एक गारठा मारून जातात. आमच्या आजोबांनीसुद्धा सोफीआधी कधी अंगातला लोकरी बनियन काढला नाही.

१५ मे, थंड सोफी
लख्ख ऊन. पोरं आइस्क्रीम खात हिंडतायत.
फ्राउकेचाच फोन आला. म्हणाली, गेली की रे सोफी! बॅग भरून दाराशी ठेवली आहे. आवाज इतका खुशीत की मला धडधडायला लागलं. मग मी तिला नीट समजावून सांगितलं. जुन्या काळी पोपने कॅलेंडरमधले दहा दिवस उडवले, त्यामुळे आजची सोफी ही खरी सोफी नाही. खरी पंचवीसला येते. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.
मग म्हणाली, बरं. तू बघ.
पटलं तिला.

२६ मे
खरी सोफीसुद्धा गेली. ट्रॉली काढली, चाकांना तेल घातलं. दार उघडलं. वारा. दार लावलं.
शिवाय कण्हेर दाखवण्यासारखी नाही. तीन फांद्यांना पानं आहेत, बाकी काटक्या. जरा भरू दे.

१० जून
बरं झालं थांबलो! मेंढ्यांची थंडी मी विसरलोच होतो. जूनच्या मध्यावर येते. नुकती लोकर कापलेली मेंढरं काकडतात म्हणून तिचं हे नाव. श्लेंकर बाईंना कुंपणावरून सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, पण तुमच्या कण्हेरीची लोकर कोणी कापली?
ह्या बाईंना प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचते.

२७ जून
आज सात झोपाळूंचा दिवस. आज जसं असेल तसंच सात आठवडे राहतं. सकाळी पाऊस पडला. थोडाच, पण पडला. म्हणजे सात आठवडे हातचे गेले.
फ्राउकेला फोन केला. म्हणाली, हो का? इथेही पाऊस आहे. बॅग रिकामी केली मी, रेनकोट तळाशी होता.
म्हणालो, भरून ठेव परत. म्हणाली, बघते.

२ ऑगस्ट, रविवार
ऊन कडक. जिन्यात वाढलेलं झाड एकदम उन्हात नेलं तर पानं भाजतात, हे पुस्तकात आहे. शिवाय ऑगस्टात गारा पडतात. माझे अर्धे दावे ऑगस्टातलेच असायचे.
दोन रविवार झाले, फ्राउकेचा फोन नाही. मीच केला. विबकेने उचलला. म्हणाली, फ्राउके पोहायला गेली आहे. कुठे? म्हणे कुठे काय, समुद्रात! रोज सकाळी जाते, आता तिला कोण अडवणार?
फोन ठेवला आणि खाली बसलो. बूट काढायला बसलो होतो. पायात बूट नव्हते.

३१ ऑगस्ट
श्लेंकर बाई टोमॅटो द्यायला आल्या. कण्हेरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आज थट्टा केली नाही. कण्हेरीचा आणि फोनचा आमचा व्यवहार फ्राउकेने ह्यांनाही सांगून ठेवलेला. म्हणाल्या, शेजारी, तुम्हाला थंडीची भीती नाही. तुम्हाला त्या फोनची भीती आहे. कण्हेर बाहेर ठेवून फोन केलात, आणि ती आली नाही तर?
काहीतरीच. टोमॅटो घेतले आणि दार लावलं.
पण हिशेबाने बघायला गेलं, तर कण्हेर आत आहे तोवर फ्राउके कण्हेरीमुळे आलेली नाही. ह्यात वाईट काही नाही. हे चालू शकतं.

१४ सप्टेंबर
झोप नाही. जेवण नाही. टोमॅटो सडले. घरात आवाज फक्त माझा. काल मी खोकलो आणि क्षणभर वाटलं, फ्राउके आली.

९ ऑक्टोबर
केलं! आज केलं!
सकाळी उठलो आणि थेट जिन्यात गेलो. रजई काढली. कुंडी ट्रॉलीवर, ट्रॉली दारातून एका दमात बाहेर. दाराला खरचटलं, खरचटू दे. कण्हेर अंगणाच्या मधोमध, वाऱ्यात. एका काटकीला खालून दोन नवी पानं फुटली होती, ती मला आत दिसलीच नव्हती.
तिथूनच मोबाइलवरून फोन लावला. ओरडूनच सांगितलं, फ्राउके, ठेवली! बाहेर ठेवली!
ती म्हणाली, काय ठेवलंस?
कण्हेर!
मग म्हणाली, गेबहार्ड, ऑक्टोबर आहे.
मी वळून बघितलं. कुंपणापलीकडे श्लेंकर बाई आपल्या कण्हेरी ओढत ओढत आत नेत होत्या. म्हणाल्या, अहो, यंदा लवकरच, आज रात्री कडक गोठणार आहे, रेडिओवर सांगितलं.
फोनमध्ये फ्राउके हसायला लागली. हसता हसता थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी असेल, पोहते ना. म्हणाली, आत घे रे तिला, गारठेल.
मी विचारलं, आणि तू?
म्हणाली, मी काय म्हणाले होते? थंडी संपली की. आता तर सुरू झाली. मग म्हणाली, इथे मला श्वास घेता येतो, गेबहार्ड. आणि विबकेने जेवायला हाक मारली म्हणून ठेवते म्हणाली.
पुढच्या सोफीला येशील का, हे विचारायचं राहिलं. राहिलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कण्हेर आत घेतली. जिन्यात, फ्राउकेच्या जागेवर. चिकटपट्टी नखाने काढली, निम्मा रंगही निघाला. खिडकी उघडली. सगळी नाही, बोटभर.
बाजूला पायरीवर बसून लिहितोय. दोन स्वेटर, मफलर. कण्हेरीची ती दोन पानं हलतायत. वारा बरोबर माझ्या मानेवर येतो.
ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. भीती वाटते.
आताच खिडकी लावायला उठलो होतो. परत बसलो.