कडू आहे, असं तू म्हणालीस

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि तू होतीस तोवर मला लिहिता येत नव्हतं, म्हणून आपलं पत्रावाचून कधी अडलं नाही. आता लिहितोय ते माझी जीभ मेली म्हणून. गावात फ्लू आला आहे. वाशिमच्या बाजारातून आला की तिथल्या स्टेशनावर उतरला, यावर पारावर वाद चालू आहे. आला हे नक्की. मला ताप आला, अंग मोडून निघालं, आणि जाताना तो ताप तोंडाची चव सोबत घेऊन गेला. डॉक्टर म्हणतो, साथीत असं होतं, येईल परत. हे सांगताना तो नाकाला रुमाल लावून दारातच उभा होता, त्यामुळे माझा विश्वास जरा कमी बसला.

घरात मी हे सांगितलं नव्हतं. सांगणार कसा? लग्न झाल्यापासून तुझ्या सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवत आलो. वर्तमानपत्रात लोकांची उणीदुणी काढायची, घरी वरणाची, धंदा एकच. परवा तिनं चहा दिला. मी तो प्यालो आणि बेतानं म्हणालो, चांगला झाला आहे. ती कप घ्यायला वाकली होती, तशीच थांबली. "लगन झाल्यापासून तुमी पयल्यांदा चांगलं म्हनलं," ती म्हणाली, "अन् यात साखर टाकाचीच राह्यली." मी हसलो. ती हसली नाही. पदराला हात पुसत तडक आत्याकडे गेली.

आत्या, तुझी नणंद, अजून आहे. दात गेले, जीभ शाबूत. ती येताना काय घेऊन येणार हे मला ठाऊक होतं.

मानमोडीची, म्हणजे या फ्लूच्याच थोरल्या बहिणीची, साथ आली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. आपल्याकडे साप चावला की माणसाला कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर धोका नाही, कडू नाही लागला तर विष चढलं. सापाचा हा पाला तापाला लावायची अक्कल कोणाची ते मला अजून कळलेलं नाही, पण त्या साथीत आपल्या गावानं तो लावला. तापानं चव गेलेल्याला पाला कडू लागणार कसा? नाही लागला, की माणूस गेला असंच धरायचं, खाटेसकट गोठ्यात न्यायचं, आणि लेकरांना तिकडे फिरकू द्यायचं नाही. कोणी तांब्याभर पाणी दिलं असतं तर त्यातले काही जगलेही असते. तुलाही ताप येऊन गेला, आणि त्या संध्याकाळी तू चुलीपुढे बसली आहेस. वरणात मीठ टाकतेस, तळहातावर थेंब घेऊन चाखतेस, पुन्हा टाकतेस, पुन्हा चाखतेस, आणि मग तो हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहतेस. जेवताना बाबांनी पहिल्या घासाला ताट सारलं. दुसऱ्या दिवशी आत्या फांदी घेऊन आली. "चाव, वहिनी." मी तुझ्या गुडघ्याला टेकून बसलो होतो. तू पानं चावलीस, सावकाश, विडा चावावा तशी, आणि म्हणालीस, "कडू हाय वं बाई. लय कडू हाय." तुझ्या तोंडावरची एक रेघ हलली नाही. पाडव्याला गुळाच्या खड्याशिवाय पाला न गिळणारा मी. मला वाटलं, आपली माय केवढी धीट. तुला गोठ्यात नेलं नाही. तू गेलीस ती घरात, माझ्या अंथरुणाशेजारी.

पुढे मोठेपणी मी या पाल्यावर लेख लिहिला. लोक पोट धरून हसले. त्यात तू नव्हतीस.

तर परवा भर दुपारी आत्या फांदी घेऊन दारात उभी. मी म्हणालो, "मले साप नाही चावला, आत्या."

"तुले चावाची हिंमत हाय का सापाची? चाव मुकाट्यानं."

आता कोणी कोणाला गोठ्यात नेत नाही, एवढी सुधारणा झाली आहे. तरी मी पानं एकेक मोजून तोडली. चौकट धरून बायको बघत होती. मी पानं चावली. ओला कागद चावावा तसं लागलं. कडू नाही, गोड नाही, काहीच नाही. कदाचित उशिरा लागेल म्हणून थांबलो.

"काहून रे, बोलत काहून नाही?"

"कडू आहे," मी म्हणालो, आणि तोंड होईल तेवढं वाकडं केलं.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या बायकोला म्हणाली, "लागला वं कडू त्याले. जा, भाकर टाक." ती आत गेल्यावर आत्या आवाज खाली आणून म्हणाली, "तुह्या मायनं तोंड वाकडं नव्हतं केलं. तिले तुह्यापक्षा बरं जमे."

"तुले ठाऊक होतं?"

"मले काय डोये नव्हते? लेकरू गुडघ्याले चिकटून बसलं होतं. कशी नेऊ तिले गोठ्यात?"

फांदी उचलून ती निघून गेली. माय, इतकी वर्षं मला वाटत होतं की तुझं ते खोटं फक्त मला ठाऊक आहे, तेही मोठेपणी कळलेलं. ते सगळ्यात आधी तिला कळलं होतं. आणि आता माझंही.

डॉक्टर खरं सांगतो हे मला पटतं. शेजारच्या गाडीवानाची चव परत आली. काल तो भाजीवरून बायकोशी भांडत होता, ते मी भिंतीला कान लावून ऐकलं, कीर्तन ऐकावं तसं. पाल्याला काही कळत नाही, हे तर मीच लोकांना छापून सांगितलं आहे. तरीही सकाळपासून दर थोड्या वेळानं जिभेवर मीठ ठेवून बघतो, बायकोची पाठ वळली की. हे पत्र टपालात टाकणार नाही. तुझा पत्ता मला इतक्यात नको आहे.

आत्या उद्या पुन्हा येईल. पाला चावल्यानंतर तू किती दिवस काढलेस, हे मला मुळीच आठवत नाही. तिला नक्की आठवत असेल. म्हणून मी तिला विचारणार नाही.