स्वच्छ प्लेटवर फिरवलेला ब्रश

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पंचाने प्रशिक्षकाचे म्हणणे शेवटच्या शब्दापर्यंत ऐकावे आणि मगच पाठ फिरवावी, एवढेच मला येथे सिद्ध करायचे आहे.

बेसबॉलच्या मैदानावर मी पंच, तू प्रशिक्षक. घरी मात्र आपला वर्षानुवर्षांचा अबोला. माझा निर्णय पटला नाही की तू हातवारे करत धावत यायचास. "दादा, डोळे तपासून घे!" हे प्रेक्षकांसाठी असे. मग हळूच, "गुडघा कसा आहे?" मीही बोट रोखून दटावत असे, "दुखतो. हो मागे!" भोवती उन्हातली धूळ तरंगत राही आणि तिच्यात आपण पुन्हा अंगणात भांडणारी मुले होत असू.

शेवटच्या सामन्यात मी तुझ्या खेळाडूला बाद दिले, तेव्हा तू हातवारे न करता आलास. "दादा, पुरे झालं आता. घरी ये, आपण..."

प्रेक्षक पाहत होते. वाद संपवायचा असला की पंच पाठ फिरवतो आणि वाकून होम प्लेटवरची, म्हणजे फलंदाजाजवळ जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीवरची, माती ब्रशने झाडतो. मी तेच केले. मान वर केली तेव्हा तू धुळीत विरघळत दूर चालला होतास. पुढे तू प्रशिक्षकपदच सोडलेस. भांडायलाही जागा उरली नाही, म्हणून हे न पाठवायचे पत्र.

तुझा खेळाडू बादच होता. तो निर्णय कायम आहे.

प्लेट मात्र स्वच्छ होती. चूक मान्य.

तुझा दादा