तिसऱ्या रेषेचा उतार

टोलेडो, ३ ऑगस्ट १९६४

चि. सौ. ब्रॉन्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बीटच्या लोणच्याची बरणी आली तशी संपलीसुद्धा. दुसरी धाड.

आपलं मर्डॉक बेसबॉलचं मैदान सप्टेंबरात पाडणार. साठ वर्षांच्या लाकडी पायऱ्या, सगळं जमीनदोस्त. बाबांमागे इथली माती मीच राखतो, म्हणून निरोपाच्या सामन्याला आमच्या एमिलरावांना आणायचं काम मंडळानं माझ्या गळ्यात घातलंय. एकोणपन्नासचा तो चेंडू त्यांनी पुन्हा करून दाखवायचा. पाहुण्या संघाकडून खेळताना चेंडू तिसऱ्या बेसच्या रेषेवरून घरंगळतोय, बाहेर जाऊन फुकट ठरेल म्हणून ते हात न लावता बघत उभे, आणि तो शेवटपर्यंत आतच! लोक अजून त्यांना 'पुतळा' म्हणतात. जावईबापूंना म्हणावं, हसण्यावारी न्या. लोभ आहेच, वाढव.

तुझा स्टेफानदादा

कोलंबस, ९ ऑगस्ट

ती. स्टेफानदादास शि. सा. न.

हसण्यावारी? लाज नाही वाटत? त्या दिवसानंतर एमिलना कुठल्याच संघानं दारात उभं केलं नाही. नजर गेली म्हणाले. पंधरा वर्षं टायरच्या कारखान्यात राबताहेत.

बाबांनी जाताना मला सगळं सांगितलं. पाहुण्या संघांना त्रास व्हावा म्हणून माती थोडी इकडेतिकडे करायची ही तुमची जुनीच खोड. पण त्या सामन्याआधी तुम्ही दोघांनी रेषेची बाहेरची बाजू दीड इंच उचललीत, ती सख्ख्या जावयाविरुद्ध! बाबांच्या नावासाठी मी गप्प बसले, यांनाही बोलले नाही.

यांना आणते, पण एका अटीवर. माइकवर उभं राहून तू ते सांगायचंस. बाबा आता नाहीत, मैदानही राहणार नाही. कोणाला भितोस?

ब्रॉन्या

टोलेडो, १४ ऑगस्ट

चि. सौ. ब्रॉन्यास आशीर्वाद.

सांगतो. आईशपथ सांगतो. त्यांना घेऊन ये.

स्टेफान

कोलंबस, २२ सप्टेंबर

स्टेफानदादास,

माइक हातात आला आणि तू बाबांचे गोडवे गायलास. म्हणे त्यांच्यासारखी सपाट माती ओहायोत कोणी राखली नाही! धन्य आहे तुझी. लोक उभे राहिले, टाळ्या झाल्या, आणि आई वर असेल तर तिनं कान झाकले असतील.

मग यांना बोलावलं. यांनी हसत चेंडू रेषेवर ठेवला आणि हात काढला. चेंडू आपसूक आत वळला, उतार अजून तसाच! गर्दीला वाटलं, गंमतच आहे. यांनी पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गुडघ्यावर बसून मातीवर तळवा फिरवला आणि तुझ्याकडे पाहिलं. तू खाली बघत दाताळ्याला लागलेली माती काढत होतास. मैदानभर 'पुतळा, पुतळा' चाललं होतं.

परतताना गाडीत यांनी मला एकच विचारलं, तुला ठाऊक होतं का. मी हो म्हणाले.

गेले नऊ दिवस ते त्यांच्या बहिणीकडे आहेत. फोनवर येत नाहीत. काल ती म्हणाली, त्यांचे उरलेले कपडे पाठवून दे. आज पेटी भरली.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची आपली रीत आहे. तुझ्याकडे मागवत नाही, आणि यांच्याकडे मागायला तोंड नाही.

ब्रॉन्या