पंच्यातले वाल, बनियनमधले वाल

प्रभादेवी, मुंबई
१७ ऑगस्ट

ती. ललिताताईस,

धाकट्या चिंतामणीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलंय खरं, पण डॉक्टरांनी कंबरेला पट्टा बांधलाय, तेव्हा सध्या एक अंग कमी धरून चालावं.) आम्ही इकडे सगळे खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत? अलिबागेला पाऊस फार लागलाय असं ऐकतो. अंगणात शेवाळावरून चालू नकोस, आणि चालायचंच असेल तर निदान त्या सपाता घालू नकोस. हे सगळं फोनवर बोललो असतो, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारच्या आनंदीबाई मधूनच "कोण, चिंतू का?" असं म्हणून माझ्याशी बोलायला लागतात. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर मागे मी तुला एकटीला कळवलेला मूळव्याधीचा मजकूर तू चुकून फॅमिली ग्रुपवर टाकलास, आणि अजूनही कुठल्याही लग्नात मला भेटलेला माणूस आधी सुरणाबद्दल विचारतो. म्हणून हे पत्र. वाचून झालं की फाडून टाक. विषय नाजूक आहे, कारण तो तुझ्या वालांचा आहे.

स्वस्तातल्या धान्याबद्दल माझी मतं तुला ठाऊक आहेतच. परळला गिरणीच्या जागेत ते बचतबाग नावाचं अवाढव्य दुकान उघडलं तेव्हा अख्खी प्रभादेवी पिशव्या घेऊन तिकडे धावली. मी गेलो नाही. वस्तू स्वस्त देतात म्हणजे कुठेतरी काहीतरी मारत असणार, एवढं साधं गणित आहे. आपण पिढ्यान् पिढ्या दादरच्या वाण्याकडचे. त्याच्या तूरडाळीत खडे निघतात, मी नाही म्हणत नाही, पण ते ओळखीचे खडे असतात. कधी कीड निघाली तर मी सुनंदाला समजावतो, बाई गं, किडीला कळतं कस कुठल्या धान्यात आहे ते. पाकीटबंद डाळीकडे कीड ढुंकूनही बघत नाही. (पुढे समोरच्या दीपिकाने बचतबागेतून आणलेल्या रव्यात अळ्या निघाल्या, तेव्हा मी "शिळा माल, दुसरं काय" असं म्हणालो. त्यावर सुनंदा नुसती बघत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.)

तर जुईच्या होणाऱ्या सासरी, लालबागला, आम्हाला श्रावणातल्या पहिल्या रविवारी जेवायला बोलावलं होतं. माणसं फार चांगली. स्वप्नील, म्हणजे आपला जावई, जेवण झाल्यावर आधी माझं ताट उचलतो आणि मग स्वतःचं. त्याची आई मालनताई मालवणकडची, नवऱ्यामागे मुलाला एकटीने वाढवलेली करारी बाई. ती बोलायला लागली की ऐकणारा आपोआप ताठ बसतो. श्रावणात त्यांच्याकडे मासळी बंद, तेव्हा व्याही कायस्थ आहेत तर त्यांच्या आवडीचं काही करावं म्हणून बाईंनी फोनवर बघून बघून वालाचं बिरडं केलं होतं. बिरडं कसंही झालेलं असो, मोठ्या मनाने सांभाळून घ्यायचं, असं मी सुनंदाला टॅक्सीतच बजावलं होतं. ताई, पहिला घास घेतला आणि टॅक्सीतलं सगळं बजावणं विसरलो. दाणा न् दाणा अख्खा, जिभेवर ठेवला की लोण्यासारखा विरघळतोय, आणि मागून ती आपली ओळखीची बारीकशी कडवट चव. मी तीनदा वाढून घेतलं. गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं, पण बोटं चाटता चाटता मी छोटंसं भाषण केलं. म्हटलं, जमिनीला समुद्राचं खारं वारं लागल्याशिवाय वालाला ही चव येत नाही, हे अलिबागेचेच वाल, आणि तेही आमच्या ताईच्या वाडीच्या आसपासचे, डोळे मिटून सांगतो.

मालनताई कढी वाढता वाढता म्हणाल्या, "बचतबागेतले असत ते. एकार एक फुकट."

आता तोंडातला घास गिळावा की नाही हा प्रश्न होता. (गिळला.) पण माघार घेईन तर मी कर्णिकांचा कसला. मी म्हणालो, चवीचं सोडा, मसाला काहीही लपवतो. धान्य जिवंत आहे की मेलेलं हे मोडावरून कळतं. बिरड्यातल्या वालांना चांगले मोड आलेले मला समोर दिसत होते, पण माणूस एकदा बोलायला लागला की डोळ्यांना कोण विचारतो. ठरलं असं, की बचतबागेचे वाल आणि तुझे वाल आमच्याकडे शेजारी शेजारी भिजत घालायचे. तुझे जिंकले, तर लग्नाघरचं सगळं सामान माझ्या दादरच्या वाण्याकडून यायचं. बचतबागेचे जिंकले, तर पंधरा ऑगस्टच्या सेलला मी स्वतः तिथे जायचं आणि मालनताईंची ट्रॉली ढकलायची. परीक्षक जुई, कारण ती आता दोन्हीकडची. स्वप्नीलने मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण त्याच्या आईने त्याला पापड भाजायला पाठवलं.

आता मी काय काय केलं ते नीट वाच, म्हणजे तुझ्या वालांसाठी मी काही कमी केलं असं तुला वाटायला नको. तू मे महिन्यात दिलेली ती जुन्या परकराची पिशवी उघडली आणि आधी नाक घालून वास घेतला. आपल्या वाडीतल्या मातीचा वास आला. लहानपण आठवलं, आजी आठवली, डोळ्यांत पाणी आलं. (सुनंदा म्हणाली, धूळ गेली असेल.) मग फिल्टरचं पाणी चांगलं खळखळून उकळलं. निववून घालायचं मनात होतं, पण तेवढ्यात पेपर आला, त्यामुळे कितपत निवलं ते बघायचं राहिलं. कोमट असेल असं धरून ओतलं. भांडं मात्र हाताला धरवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी उपसून ते सिद्धिविनायकाला जाताना नेसतो त्या जोडीतल्या नव्या पंच्यात बांधले आणि देवघरात समईच्या शेजारी ठेवले. येता-जाता गाठ सोडून बघत होतो, एकदा पुन्हा धुतले, त्यांच्याजवळ बसून अथर्वशीर्ष म्हटलं. बचतबागेच्या वालांना मी हातही लावला नाही. पक्षपात झाला असं कुणी म्हणायला नको. ते सुनंदाने नळाच्या पाण्यात भिजवले, माझ्या जुन्या बनियनच्या तुकड्यात बांधले आणि मिक्सरच्या मागे टाकून ती तिच्या भिशीला निघून गेली.

रविवारी मालनताई आणि स्वप्नील आले. जुईने आधी बनियन सोडलं. ताई, खोटं कशाला बोलू, पांढरेशुभ्र, टपोरे मोड, एकेक दाणा मान वर काढून बसलेला. मग पंचा सोडला. आधी वास आला. मग जुईने खिडकी उघडली. दाणे फुगले होते, मऊ झाले होते, हात लावला की सालासकट पसरत होते, पण मोड म्हणून औषधाला नाही. शेवटी मालनताईंनीच माझी समजूत काढली, "अलिबागेवरसून इले, दमले असतीत." मी तिथल्या तिथे सांगितलं की घरंदाज वाल असे कुणाहीपुढे मोड काढून दाखवत नाहीत, हा प्रदर्शनाचा प्रकार बाजारू वालांचा. जुई म्हणाली, "बाबा, ट्रॉली."

एक मात्र सांगायला हवं. मोड वाया कशाला घालवायचे म्हणून आम्ही सगळे तिथेच जमिनीवर ते वाल सोलायला बसलो. स्वप्नीलला दाणा कसा चिमटायचा ते जुई शिकवत होती, त्याचे दाणे सुळकन उडून सोफ्याखाली जात होते, आणि मालनताई हसून हसून बेजार झाल्या होत्या. पुढच्या श्रावणात जुई हे तिकडे लालबागला करत बसेल आणि आमच्याकडे सोलायला आम्ही दोघंच, हे एकदम मनात आलं आणि मला फार वाईट वाटलं. मी उठून सोफ्याखालचे दाणे शोधायला गेलो आणि बराच वेळ शोधत राहिलो.

असो. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन आटोपून मी टोपी आणि मास्क घालून बचतबागेत गेलो. ओळखीचं कुणी भेटू नये एवढीच देवाजवळ मागणी होती. आत आमची अख्खी सोसायटी होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, दारूच्या दुकानात दोन शेजारी भेटावेत तसं चाललं होतं. माझ्या ट्रॉलीचं एक चाक वाकडं, त्यामुळे ती आपली सारखी बिस्किटांकडे वळायची, आणि कंबरेचा पट्टा सांभाळत मी तिला सरळ करायचो. मालनताई पुढे चालल्या होत्या. बाईंची पद्धत बघण्यासारखी आहे. पुढचं पाकीट कधीच उचलायचं नाही, हात खांद्यापर्यंत आत घालून मागचं ओढायचं, कारण ताजा माल हे लोक मागे रचतात. वाल, मूग, चवळी डोळे झाकून घ्या म्हणाल्या. तांदूळ बरा, पण त्यात तुकडा किती ते उजेडात धरून बघायचं. हिंगाला मात्र हात लावायचा नाही, त्यात नुसतं पीठ. आणि मिरची इथली घेणाऱ्याला त्या लालबागमध्ये राहू देणार नाहीत. फुकट मिळालेली बिस्किटं मी तिथेच खाऊन बघितली. त्यापेक्षा पुठ्ठा बरा, त्यावर निदान काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे बघ, माझं म्हणणं अगदीच काही चुकीचं नव्हतं. निम्मं बरोबर होतं. कुठलं निम्मं, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

तेव्हा ताई, तू मुळीच मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या वालांची अब्रू मी सांभाळली आहे. यंदा पाऊस लांबला, हवा दमट होती, आणि समईच्या उजेडामुळे त्यांना रात्र झालेली कळली नसावी, असं मी सगळ्यांना सांगितलंय. येत्या सोमवारी व्याही मंडळी आपल्याकडे श्रावणी सोमवार सोडायला येणार आहेत. त्या दिवशी बिरडं तुझ्याच वालांचं होईल, हा माझा शब्द. पिशवीत निम्मे शिल्लक आहेत. या खेपेला मी पाणी आणखी चांगलं उकळणार आहे. स्वस्त ते स्वस्त आणि आपलं ते आपलं, या मतावर मी आजही ठाम आहे.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
चिंतामणी

ता. क. तू सोमवारच्या जेवणाला येणारच आहेस, तर एक दिवस आधी, रविवारी सकाळीच ये. सेल रविवारपर्यंत वाढवलाय. गोडेतेलाचा डबा माणशी एकच देतात. सुनंदाचा झाला, जुईचा झाला, माझा दोनदा झाला (दुसऱ्यांदा टोपी काढून गेलो होतो). पावसाळ्यात लाँच बंद, पण पहाटेची पहिली एसटी पकडलीस तर स्टँडवरून टॅक्सीने मी तुला परस्पर परळला नेईन. गुडघ्यांची काळजी नको, ट्रॉलीला धरून छान चालता येतं, आणि वाकड्या चाकाची कुठली ते मी आता ओळखतो.

ता. क. २. आनंदीबाई रिकाम्या असतील तर त्यांनाही घेऊन ये.

ता. क. ३. वन्सं, नमस्कार. मी सुनंदा. पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी लिहिते. तुमच्या परकराच्या पिशवीत अगदी तळाशी पाकिटाचा फाडलेला कोपरा सापडला. त्यावर 'बचतबाग, अलिबाग शाखा' असं छापलंय आणि खाली पॅकिंगची तारीख. मी तो गॅसवर जाळून टाकला. यांना सांगितलं नाही, सांगणारही नाही. वाडीत वाल लावायचं तुम्ही कधी सोडलंत ते मी विचारणार नाही, गुडघे मलाही आहेत. पण म्हणजे बघा, पंच्यातले आणि बनियनमधले, दोन्ही वाल एकाच दुकानातले होते. फरक एवढाच की एकांना यांचा हात लागला. तेव्हा रविवारी तेलासाठी नको, वालांसाठी या. रात्री आपण दोघी गुपचूप नळाच्या पाण्यात भिजवू. सोमवारपर्यंत मोड यायचे नाहीत, पण भिजवून सोलता तरी येतील. आणि आल्या आल्या यांना तेवढं बजावा की स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात.