सडक्या केळ्यांचा ड्रम

असोदा, मंगळवार संध्याकाळ

उजवा हात तीनदा धुतला तरी वास जात नाही. शी.

मी ज्या नवरा-बायकोकडे उतरलोय, त्या नाना-अक्कांपैकी नानांनी परसात ड्रमभर केळी सडवलीत. त्यात अळ्या होतात, त्या अक्कांच्या कोंबड्यांना घालायच्या. पण वेचायच्या कुणी? तर मी. आज इतकं नको झालं की सांगूनच टाकलं, उद्या पुढे चोपड्याला निघतो. अक्का म्हणाल्या, "मंग मी ड्रम उकिरड्यावर पालथा करते."  पावसाळाभर जपलाय नानांनी तो.

वैतागून ढवळायची काठी आतच टाकून आलो होतो. मघाशी आणायला गेलो तर तिच्यावरून अळ्या वर चढत होत्या. मोठ्याच, लहान एकही नाही. किळस आली, तरी बघत बसलो. नाना म्हणाले, "पोट भरलं की कोरडी जागा पाहत असतील." मग त्यांनी ड्रममधून काठावर फळी तिरपी लावली, अक्कांनी बाहेरच्या टोकाखाली घमेलं ठेवलं, आणि तिघं वाट बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग घमेल्यात टप. पुन्हा टप.

"तुले कोनं सांगतलं व्हतं हात घालाले?" अक्का हसल्या. आता हसतात.

चोपड्याचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही. जेवायला अंड्याची पोळी होती. डाव्या हाताने खाल्ली.