खेळण्यातल्या जात्यावरची हळद

जात्याची तुम्ही ओट्याला पायरी केलीत. मला विचारलंसुद्धा न्हाई. आत्याबाईंनी, तुमच्याच आईनं, जन्मभर ओढलेलं जातं, आन् त्यावर पाय देऊन घरात शिरायचं! हे मी तवाही बोलले होते, आजही बोलणार.

आता रामराम घ्या, बाळूचे वडील.

काल आपली नात सासरी गेली. मंजू. मांडव अजून उतरवायचाय, सून पाहुण्यांची अंथरुणं घड्या घालतीय, आन् माझ्या हाताची हळद काही जाईना. म्हणून लिहायला बसले. तिसरीपर्यंतची शाळा, अक्षराला नावं ठेवू नका.

आठवतं का, बाळू सणसवाडीला कंपनीत लागला तवा मंजूला काय घेऊन आला होता? प्लास्टिकची भातुकली! लाल शेगडी, पिवळा कुकर. आम्ही पोरी होतो तवा संक्रांतीची सुगडी हीच आमची भातुकली, चूल चिखलाची. बाळूच्या बहिणीच्या वेळी शिरूरच्या बाजारातून पत्र्याची भांडी आली. आन् मंजूला हे. पोरीनं तो कुकर उचलून खऱ्या चुलीवर ठेवला. कसला वास सुटला! मी धपाटा घालायला गेले, तर ती तुमच्यामागं लपली आन् म्हणाली, "आबा, ह्यात पीठच न्हाई. पीठ कुठून येतं?"

झालं! गाळपाचा हंगाम, तुम्ही पाटसला कारखान्यावर पाळीला, तरी चार दिवसांत पाथरवटाला घेऊन हजर. पायरी बसवताना जात्याचा वरचा दगड फुटला होता, तो गोठ्यात पडून होता. त्यातून त्यानं वीतभर जातं घडवलं. मी म्हणाले, "नातीच्या लाडापायी आईचं जातं तासता?"

तुम्ही म्हणालात, "फुटकंच हाय की. पडून राहण्यापेक्षा फिरू दे."

आन् ते खरंच दळायचं हो! मंजू मूठभर ज्वारी घालायची, पापडाएवढी भाकर थापायची, निम्मी राख लागलेली. तुम्ही मिटक्या मारत खायचात. माझ्या भाकरीत मात्र जन्मभर मीठ कमी!

तर हळदीचा दिवस. जात्यावर दळल्याशिवाय नवरीला हळद लागत न्हाई. गिरणी आल्यापासून गावात जातं उरलंय कुठं? सगळ्यांच्या पायऱ्या झाल्या, सगळ्यांना तुमचीच अक्कल. मग मंजूच माळ्यावर चढली आन् ते वीतभर जातं घेऊन आली. पाच सवाष्णी बसल्या, पण खुंट्याला बोटं मावायची दोनच. हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

मी दाराशी होते. तुम्ही गेल्यापासून हळदीकुंकवाला माझी जागा तीच. मंजूला अंगाखांद्यावर वाढवली मी, पण तिची हळद दळायला मी चालत न्हाई. रडले न्हाई. रडायचं ते काय?

"आजी, ये की गं," मंजू म्हणाली.

धाकट्या जाऊबाई कडाडल्या, "अगं पोरी, असं चालतंय व्हय?"

"खरं जातं असतं तर चाललं नसतं, चुलतआजी. ही माझी भातुकली हाय. माझ्या खेळात कुणाला घ्यायचं, ते मी ठरवणार."

सून उठली, आपला पाट माझ्याकडं सरकवला. मी बसले. दोन बोटं खुंट्याला लावली आन् फिरवलं. तुमच्या आईचा दगड, आवाज तोच, फक्त बारीक झालेला.

तुमचे उपकार मी तुमच्यापुढं कवा मानले न्हाईत. तुम्हाला सवय लागली असती. आज मानते. मोठ्या जात्यानं मला दाराशी बसवलं असतं. तुम्ही करून घेतलेल्या खेळण्यानं आत घेतलं.

मंजूनं ते माझ्याकडंच ठेवलंय. शब्द देते, त्याला शोकेसात बसू देणार न्हाई, आन् पायरी तर मुळीच न्हाई. तिची पोर येईल तवा पहिली मूठभर ज्वारी मीच घालीन.

आता एक काम करा. आत्याबाई तिथंच असतील. त्यांना विचारा, माझ्या हातची हळद त्यांना चालली का? उत्तर त्यांनीच द्यायचं. तुम्ही मधी बोलायचं न्हाई. तुमचं मला ठाऊक हाय.

बाळूची आई